ब्रिजवायरचं तापमान फायबरने का मोजायचं, आणि कसं

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका वायरिंग हार्नेस (गाडीतल्या तारांचे जुडगे) बनवणाऱ्या कंपनीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आमच्या हार्नेसच्या टोकाला सीट बेल्ट प्रीटेन्शनरचा (अपघातात बेल्ट क्षणात खेचून घट्ट करणारा भाग) इग्नायटर, म्हणजे विजेने पेटणारा छोटा स्फोटक घटक, लागतो. ग्राहकाने कळवलं आहे की 200 व्होल्ट प्रति मीटर रेडिओ क्षेत्रात इग्नायटरमध्ये नो-फायर करंटच्या (ज्याला इग्नायटर पेटता कामा नये त्या करंटच्या) 15 टक्क्यांपेक्षा जास्त करंट उतरत नाही, हे मोजून दाखवा. आमच्याकडे के-टाइप थर्मोकपल, डेटा लॉगर आणि थर्मल कॅमेरा आहे. त्यात भागत असेल तर फायबर ऑप्टिक तापमापकावर एवढा खर्च का करायचा? आणि करायचाच असेल तर घेताना काय बघायचं?

थर्मोकपलने भागणार नाही. कॅमेरा उपयोगी पडेल, पण चेंबरमध्ये, म्हणजे रेडिओ क्षेत्र सोडून चाचणी करतात त्या बंद खोलीत नाही, तुमच्या टेबलावर. फायबर लागेलच. मात्र सेन्सरच्या माहितीपत्रकावरची ‘अचूकता’ बघून तो निवडू नका. या कामात तापमान हा नुसता मधला टप्पा आहे. आपल्याला मोजायचा असतो करंट. हे एकदा पक्कं झालं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आधी इग्नायटरकडे बघू. दोन पिना, त्यांना धरून ठेवणारं काचेचं सील आणि पिनांच्या टोकांमध्ये वेल्ड केलेली निक्रोमसारख्या मिश्रधातूची तार, म्हणजे ब्रिजवायर. तारेची जाडी साधारण 20 ते 50 मायक्रॉन, लांबी मिलिमीटरच्या आसपास, रोध सुमारे 2 ओहम. एअरबॅग आणि प्रीटेन्शनरच्या इग्नायटरमध्ये नेहमी दिसणारे आकडे म्हणजे 1.2 अँपिअर 2 मिलिसेकंद दिला की पेटलाच पाहिजे आणि 0.4 अँपिअर 10 सेकंद दिला तरी पेटता कामा नये. तुमच्या इग्नायटरचे नेमके आकडे त्याच्या उत्पादकाकडून लेखी घ्या; मी पुढचा हिशोब 0.4 अँपिअर धरून करतो.

15 टक्क्यांची अट ग्राहकाने हवेतून काढलेली नाही. अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-464 मध्ये विद्युत-स्फोटक घटकांसाठी 16.5 डेसिबलची सुरक्षा-मर्यादा आहे, आणि करंटच्या भाषेत 16.5 डेसिबल खाली म्हणजे 15 टक्के. नुसतं काम बिघडण्याचा धोका असेल तिथे 6 डेसिबल, म्हणजे निम्मा करंट चालतो. लष्करी नियम प्रीटेन्शनरला कसा, असं विचाराल. चुकून उडालेला प्रीटेन्शनर बेल्ट खेचतो तेव्हा चालकाच्या हातात स्टिअरिंग असतं, असा ग्राहकाचा विचार असणार. ओझरच्या विमान कारखान्यात लढाऊ विमानांवर काम केलेल्यांना हा हिशोब नवा नाही. इजेक्शन सीटच्या आसपास वावरताना हीच शिस्त पाळावी लागते.

आता आकडे मांडू. 0.4 अँपिअरचे 15 टक्के म्हणजे 60 मिलिअँपिअर. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते. म्हणून 15 टक्के करंटला तारेत उष्णता उरते फक्त सव्वादोन टक्के: 2 ओहमवर 0.4 अँपिअरला 320 मिलिवॅट, 60 मिलिअँपिअरला 7.2 मिलिवॅट. समजा सेन्सर चिकटवलेल्या तुमच्या नमुन्यात 0.4 अँपिअरला तापमान 80 अंशांनी चढतं. मग तुमची सगळी पास-नापास रेषा 1.8 अंशांवर आली. चेंबरमध्ये अँप्लिफायर तापतो, वातानुकूलन चालू-बंद होतं, आणि मे महिन्यातल्या नाशिकच्या दुपारी शेडमधलं तापमान तासाभरात तेवढं सहज हलतं. त्यातून हे 1.8 अंश वेगळे काढायचे आहेत.

थर्मोकपल का नको, ते आता बघा. त्याच्या दोन्ही तारा धातूच्या. त्या ब्रिजवायरपासून निघून चेंबरभर पसरतात आणि क्षेत्रात आल्या की स्वतःच अँटेना होतात. त्यांनी पकडलेला रेडिओ करंट जोडावर येऊन जोड तापवतो, शिवाय लॉगरच्या इनपुटला तो सरळ होऊन खोटा डीसी व्होल्टेज दाखवतो. फिल्टर लावून रीडिंग सुधारेल, पण मूळ दुखणं जात नाही: इग्नायटरला तुम्ही दोन जादा तारा जोडल्या, म्हणजे चाचणी आता वेगळ्याच वस्तूची झाली. एके काळी ब्रिजवायरजवळ बारीक थर्मोकपल बसवून अशा चाचण्या होत असत, कारण दुसरा पर्याय नव्हता. काचेचा फायबर विजेचा वाहक नाही, क्षेत्राला तो जवळजवळ दिसतच नाही, आणि त्याचं उपकरण चेंबरच्या बाहेर निवांत बसतं.

थर्मल कॅमेऱ्याची अडचण वेगळी. 25 मायक्रॉनची तार साध्या लेन्सच्या एका पिक्सेलमध्येही भरत नाही, त्यामुळे पिक्सेलला तार आणि मागची काच यांची सरमिसळ दिसते. चकचकीत निक्रोमची उत्सर्जनक्षमता कमी, म्हणून आकडा आणखी खाली येतो. पण मॅक्रो लेन्स मिळाली तर टेबलावर तारेतून डीसी सोडून सर्वात गरम जागा कुठे आहे हे कॅमेरा छान दाखवतो. सहसा ती मधोमध असते, कारण दोन्ही टोकांना पिना उष्णता ओढून घेतात. सेन्सर तिथेच टेकवायचा.

फायबर सेन्सरमध्ये बाजारात मुख्यतः चार तत्त्वं दिसतील. गॅलियम आर्सेनाइडचा कण फायबरच्या टोकाला बसवलेला असतो. तो खोलीच्या तापमानाला साधारण 870 नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश शोषतो आणि पलीकडचा सोडतो. तापमान वाढलं की ही सीमा दर अंशाला सुमारे 0.4 नॅनोमीटर सरकते. उपकरण सीमेची जागा बघतं, प्रकाश किती आला हे नाही, त्यामुळे फायबर थोडा वाकला किंवा कनेक्टरवर धूळ बसली तरी तापमान बदलत नाही. ब्रिजवायरच्या कामात मी आधी हाच पर्याय बघतो, कारण कण फारच लहान करता येतो. दुसरा प्रकार फ्लुरोसन्सचा: टोकावरच्या फॉस्फरला प्रकाशाचा स्पंद द्यायचा आणि त्याची चमक विझायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये आणि मायक्रोवेव्हच्या कामात तो वर्षानुवर्षं टिकला आहे. पण विझायला काही मिलिसेकंद जातात आणि आकडा स्थिर करायला उपकरण अनेक स्पंदांची सरासरी काढतं, त्यामुळे झटपट बदल त्याला जमत नाहीत. तिसरा फॅब्री-पेरो, म्हणजे टोकावरच्या सूक्ष्म पोकळीची लांबी प्रकाशाच्या व्यतिकरणाने मोजणारा. संवेदनशील आहे, पण टोक नाजूक.

चौथा फायबर ब्रॅग ग्रेटिंग. विक्रेते तो आवर्जून सुचवतील, कारण पूल आणि पाइपलाइनच्या कामांमुळे तो सगळीकडे पोचला आहे. या कामाला तो घेऊ नका. ग्रेटिंग काही मिलिमीटर लांब असतं आणि तुमची तार एक मिलिमीटरची. शिवाय 1550 नॅनोमीटरला तो अंशाला सुमारे 10 पिकोमीटर सरकतो आणि एका मायक्रोस्ट्रेनला 1.2 पिकोमीटर. म्हणजे गोंद सुकताना फायबरला आठ मायक्रोस्ट्रेनचा ताण बसला की तुम्हाला एक अंश तापमान वाढल्यासारखं दिसणार.

आता खरा त्रास. साध्या फायबरचा व्यास 125 मायक्रॉन, ब्रिजवायर त्याच्या पाचव्या हिश्श्याची. वाटीभर पाण्याचं तापमान बादलीएवढ्या थर्मामीटरने घेण्यासारखा हा प्रकार आहे: सेन्सर टेकवला की तो स्वतःच तारेची उष्णता पितो. तार एकटी असताना जेवढी तापली असती तेवढी आता तापत नाही. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की तापमानाच्या अचूकतेमागे लागू नका. तारेचं ‘खरं’ तापमान तुम्हाला कधीच कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. सेन्सर चिकटवलेल्या त्याच नमुन्यातून ओळखीचा डीसी करंट सोडायचा, किती अंश चढले ते लिहायचं, आणि पुढे चेंबरमध्ये तेवढेच अंश चढले तर तेवढाच करंट आला असं समजायचं. सेन्सर दोन अंश चुकीचा दाखवत असेल, पण नेहमी तेवढाच चुकत असेल, तर काही बिघडत नाही. मात्र तो दहा मिनिटांत अर्धा अंश सरकत असेल तर बिघडतं.

हे सगळं निष्क्रिय नमुन्यावर करायचं, म्हणजे आत स्फोटक मिश्रण कधी भरलेलंच नाही असा इग्नायटर. उत्पादकाकडे मागितला तर मिळतो. जिवंत इग्नायटर उघडून रिकामा करण्याचा विचार कोणी चहाच्या टेबलावर बोलून दाखवला तर तिथेच थांबवा. स्फोटकांची हाताळणी पेसोच्या (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्था) परवान्याखाली येते आणि हार्नेसच्या कारखान्यात तिला जागा नाही. मिश्रण नसल्यामुळे तारेचं थंड होणं बदलतं हे खरं, पण आपण अंशांची तुलना अंशांशी करत नसून करंटची करंटशी करतो, त्यामुळे हा फरक कॅलिब्रेशनमध्येच सामावतो.

चिकटवण्यासाठी अ‍ॅल्युमिना भरलेला इपॉक्सी चांगला. चांदीचा इपॉक्सी उष्णता उत्तम वाहून नेतो म्हणून कोणी सुचवेल. तो वीजही वाहून नेतो, तारेला समांतर वाट मिळते आणि रोध उतरतो. चिकटवण्याआधी आणि नंतर रोध चार-वायर पद्धतीने मोजा, 2.0 ओहम होता तर 2.0 च राहिला पाहिजे. थेंब जितका छोटा तितकं बरं. थेंब मोठा झाला तर उष्णता त्यात मुरते, 80 अंशांचे 20 होतात आणि सेन्सरही मंद पडतो.

कॅलिब्रेशनचा आलेख करंटच्या वर्गावर काढा, करंटवर नको. रेषा सरळ आली पाहिजे. 0.4 अँपिअरला 80 अंश म्हणजे दर वर्ग-अँपिअरला 500 अंश. हा आकडा त्या नमुन्याचा, त्या थेंबाचा आणि त्या सेन्सरचा. दुसऱ्या नमुन्याला लावायचा नाही. प्रत्येक नमुन्याचा वेगळा काढायचा. डीसीवर काढलेला आकडा रेडिओ वारंवारतेला चालेल का, ही शंका रास्त आहे. निक्रोममध्ये 1 गिगाहर्ट्झला स्किन डेप्थ, म्हणजे करंट पृष्ठभागापासून जेवढ्या खोलीपर्यंत मुख्यतः वाहतो ती खोली, सुमारे 17 मायक्रॉन येते, आणि 25 मायक्रॉन तारेची त्रिज्या साडेबारा. म्हणजे तिथपर्यंत करंट तारेच्या जवळपास सगळ्या छेदातून वाहतो आणि डीसीचा आकडा चालतो. त्याच्या बऱ्याच वर गेलात तर ‘करंट’ म्हणण्याऐवजी ‘तेवढीच उष्णता देणारा डीसी करंट’ असं अहवालात लिहा. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही तोच आकडा कामाचा, कारण मिश्रण उष्णतेने पेटतं.

कॅलिब्रेशन चाचणीच्या आधी करतात तसं नंतरही करायचं, आणि यात सूट नाही. कारण या पद्धतीची चूक नेहमी धोकादायक बाजूला झुकते. सेन्सरचा थेंब सुटला की तापमान कमी दिसतं, करंट कमी निघतो आणि अहवाल सुंदर येतो. नापास नमुना पास होतो आणि कोणाच्याही कपाळावर आठी पडत नाही. तुमची चाचणी बहुतेक पुण्याला एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे किंवा नवी मुंबईला ‘समीर’ या सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत होईल. पुण्याला जायचं तर चंदनापुरीचा घाट, मुंबईला कसारा. गाडीतल्या हादऱ्यांनी 25 मायक्रॉनच्या तारेवरचा थेंब हलू शकतो. म्हणून डीसी सोर्स सोबत न्या. पोचल्यावर एक रीडिंग, चाचणी संपल्यावर तिथेच दुसरं. पहिल्यात 500 आणि दुसऱ्यात 400 दिसले तर मधला सगळा डेटा बाद धरा.

आता तुमच्या 200 व्होल्ट प्रति मीटरकडे. समजा उपकरणाचा गोंगाट, म्हणजे आकड्याची आपोआप होणारी थरथर, 0.1 अंश आहे आणि 0.2 अंशांची चढण तुम्हाला खात्रीने ओळखता येते. 500 च्या हिशोबाने 0.2 अंश म्हणजे 20 मिलिअँपिअर. चेंबरमध्ये काहीच चढण दिसली नाही तर अहवालात ‘शून्य’ लिहायचं नसतं, ‘20 मिलिअँपिअरपेक्षा कमी’ असं लिहायचं. 60 च्या मर्यादेसमोर ते ठीक आहे. पण प्रयोगशाळेला तुमच्या सगळ्या वारंवारतांवर 200 गाठता येत नसेल आणि 50 वर मोजून वाढवून सांगायचं ठरलं, तर करंट क्षेत्राच्या पटीत वाढतो, म्हणजे चौपट. तुमचे ‘20 पेक्षा कमी’ आता ‘80 पेक्षा कमी’ झाले, आणि मर्यादा 60 ची आहे. काहीच न दिसूनसुद्धा तुम्ही काहीच सिद्ध केलं नाही. 50 व्होल्टवर पास-नापास रेषा येते 15 मिलिअँपिअरला, म्हणजे 0.11 अंशांवर. उपकरण निवडताना विक्रेत्याला हाच आकडा सांगा आणि त्याच्या गोंगाटाचा आलेख मागा, तोही सरासरी न काढलेला.

तेवढा बारीक फरक ओळखायची युक्ती जुनी आणि साधी आहे: क्षेत्र चालू-बंद करत राहायचं. दहा सेकंद बंद, दहा चालू, दहा बंद. खोलीचं तापमान हळूहळू सरकतं. ब्रिजवायरचा प्रतिसाद स्विचच्या तालावर चालतो. शेजारी, करंट न वाहणाऱ्या जागी, दुसरा फायबर ठेवला तर खोलीची हालचाल वजा करता येते. दुसऱ्या चॅनेलचे पैसे वाचवू नका.

पुढचा मुद्दा वेगाचा. सेन्सर आणि थेंब मिळून प्रतिसादाला समजा 100 मिलिसेकंदांचा कालस्थिरांक आहे, म्हणजे तेवढ्या वेळात तो पूर्ण चढणीच्या साधारण 63 टक्के गाठतो. स्थिर, म्हणजे न थांबता सलग चालू असलेल्या लहरीला अडचण नाही, प्रत्येक वारंवारतेवर अर्धा-एक सेकंद थांबलं की झालं. पण खरं क्षेत्र रडारचं असेल तर? विमानतळावरचा रडार मिनिटाला साडेबारा फेऱ्या मारतो आणि त्याचा झोत दीड अंशाचा आहे असं धरा. गाडीवर झोत दर फेरीला जेमतेम 20 मिलिसेकंद राहतो. तेवढ्या वेळात 100 मिलिसेकंदांचा सेन्सर पूर्ण चढणीच्या फक्त 18 टक्के दाखवेल, आणि उघडी तार मात्र त्याच 20 मिलिसेकंदांत त्याहून कितीतरी जास्त तापून थंड झालेली असेल. म्हणून फिरता झोत चाचणीत वापरायचा नाही; स्थिर लहरीवर मोजून स्पंदांचा हिशोब कागदावर करायचा.

वारंवारतेच्या पायऱ्या बारीक ठेवा. हार्नेस दीड मीटर असेल तर अर्धी तरंगलांबी 100 मेगाहर्ट्झला जुळते, म्हणजे ऐन एफएम पट्ट्यात, आणि अनुनाद अरुंद असतो. मोठ्या पायऱ्यांनी उडी मारत गेलात तर तो नेमका मधे सुटेल. चेंबरच्या वेळेचे पैसे वाचवायला लोक इथेच काटछाट करतात, आणि अशा अहवालाला माझ्या लेखी किंमत नाही. वाहनांच्या भागांसाठीच्या आयएसओ 11452 मानकातली करंट इंजेक्शनची (हार्नेसमध्ये थेट रेडिओ करंट घालण्याची) पद्धत 400 मेगाहर्ट्झपर्यंत स्वस्तात बरंच सांगते; आधी ती करून संशयास्पद पट्टे शोधा, मग चेंबरचा वेळ तिथे घाला.

फायबर बाहेर काढायला इग्नायटरच्या धातूच्या कवचाला भोक पाडावं लागतं. ते शक्य तितकं लहान आणि खोल असू द्या. गोल भोक हा वेव्हगाइड, म्हणजे लहरींची नळी असतो, आणि कटऑफ या ठरावीक वारंवारतेच्या खालच्या लहरी त्यातून जाऊ शकत नाहीत: 2 मिलिमीटर व्यासाला कटऑफ 88 गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि त्याच्या बऱ्याच खाली व्यासाएवढ्या प्रत्येक लांबीला जवळपास 32 डेसिबल अडतात. 2 मिलिमीटरच्या भोकाला 6 मिलिमीटरची नळी जोडली की पुरे. पण त्याच भोकातून धातूच्या विणीचं आवरण असलेला फायबर ओढलात तर वेव्हगाइडची कोअ‍ॅक्सियल केबल झाली, तिच्यातून कटऑफखालच्या लहरीही आत येतात, आणि सगळं मुसळ केरात. आवरण पीटीएफईचं किंवा केव्हलारचं मागा. ‘आर्मर्ड’ शब्द दिसला तर नको म्हणा.

ही पद्धत काय बघत नाही तेही ग्राहकाला सांगून टाका. पिन आणि कवच यांच्यामधून जाणारी ठिणगी ब्रिजवायर तापवत नाही, त्यामुळे फायबरला ती दिसत नाही. त्यासाठी स्थिरविद्युत डिस्चार्जची चाचणी वेगळी करावी लागते. इग्नायटर तारेऐवजी सेमीकंडक्टर ब्रिजचा असेल तर तो मायक्रोसेकंदांत तापतो आणि फायबर तिथे फार उशिरा पोचतो. वीजपुरवठा बदलताना येणारे झटकेही यात धरलेले नसतात. 29 जुलै 1967 ला फॉरेस्टल या अमेरिकी विमानवाहू जहाजावर झुनी रॉकेट आपोआप सुटलं आणि आगीत 134 जण गेले, ते रडारमुळे झालं असं इंटरनेटवर जागोजागी वाचायला मिळतं. चौकशीचा रोख मात्र बाहेरच्या पुरवठ्यावरून विमानाच्या पुरवठ्यावर जाताना आलेल्या विजेच्या झटक्यावर होता. रडार-चाचणीत उत्तम पास झालेली वस्तूही त्या झटक्याने उडाली असती.

खरेदीबद्दल: एकाच हार्नेससाठी उपकरण विकत घेऊ नका. दोन चॅनेलचं गॅलियम आर्सेनाइडचं उपकरण भाड्याने मिळतं का ते प्रयोगशाळेलाच विचारा. तुम्ही पैसे घाला ते निष्क्रिय इग्नायटरच्या नमुन्यांवर, मायक्रोस्कोपवर आणि थेंब लावणाऱ्या माणसाच्या सरावावर. पहिले काही नमुने वाया जातील, ते धरूनच मागवा. थर्मल कॅमेरा तुमच्याकडे आहेच, तेव्हा डीसी सोर्स जोडून कॅलिब्रेशन अंबडलाच शिकून घ्या आणि आलेख सरळ यायला लागल्यावरच चेंबरची तारीख घ्या.